गाडी काढायची आहे

पोरांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर थोरलीने तिचं नवंकोरं लायसन्स कॅमेऱ्यासमोर धरलं आणि विचारलं, "आजी, तुझी ती पांढरी गाडी अजून चालते? बाबा म्हणतो, तू नवी घेतलीस आणि मग घेतलीच नाहीस. म्हणजे काय?" तुमचा बाबा मागे उभा राहून हसत होता. त्याने सांगितलेली गोष्ट अर्धवटच असणार, कारण तो तिथे नव्हता. मी होते. गाडी मीच चालवत होते. आता तूही गाडी चालवणार आहेस, तेव्हा हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं, म्हणून क्रमाने लिहून पाठवते आहे.

मी जन्मभर भोरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. मी तशी सुरुवातही केली होती. तिसऱ्या ओळीत अडले. या गोष्टीतला सगळा घोळ एका शब्दाने केला आहे आणि त्या शब्दाचं काम इंग्रजीत एका शब्दाने होत नाही. तो शब्द म्हणजे 'काढणे'. तेव्हा मराठीतच वाचा. अडलं तर बाबाला अर्थ विचारा, पण गोष्ट त्याला सांगू देऊ नका.

गाडी आली तेव्हा थोरली दोन वर्षांची होती. पहिल्याच दिवशी मागच्या सीटवर झोपून तिने ती ओली केली होती, हे तिने आपल्या ड्रायव्हिंगच्या मास्तरांना सांगितलं असेल असं वाटत नाही. गेल्या वर्षी त्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. आपल्याकडे पंधरा वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन पुन्हा दाखवावी लागते. त्याला पासिंग म्हणतात. पास झाली तर पुढची पाच वर्षं चालवता येते, नाही तर तिला निरोप द्यायचा.

गाडीची अवस्था तुम्हाला खरी खरी सांगते. क्लच इतका वर आला होता की पाय उचलता उचलता गुडघा स्टिअरिंगला लागायचा. मागच्या सीटची एक स्प्रिंग कापडातून डोकं वर काढायला बघत होती. भोरच्या पावसाने खालचा पत्रा खाल्ला होता आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतो तिथे, रुपयाएवढं भोक पडलं होतं. त्यातून खालचा रस्ता पळताना दिसायचा.

हे भोक सर्वांत जास्त आवडायचं ते गुंजवण्याच्या मावशींना. तुम्ही त्यांना तांदळाची आजी म्हणता, कारण तुमच्या बाबाच्या बॅगेत दर वेळी कोंबला जाणारा तांदूळ त्यांच्या शेतातला असतो. मी कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होते तेव्हा त्या तिथे स्वयंपाकाला होत्या. पुढे त्या राजगडाच्या पायथ्याशी, आपल्या गावी मुलाकडे राहायला गेल्या. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी आणि आजोबा गुंजवण्याला जातो, मावशींना घेतो आणि वेल्ह्याला जातो. तिथे त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, थोडा बाजार आणि एका ठरावीक टपरीवर भजी. त्या पायांमधल्या भोकातून खाली बघत म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या बाई. रस्ता दिसतोय, म्हंजी कळतं तरी कुठवर आलो ते."

दुरुस्त करायची की नवी घ्यायची, हा प्रश्न दिवाळीपासून घरात होता. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी कागदाच्या मधोमध रेघ मारली आणि एका बाजूला 'दुरुस्ती', दुसऱ्या बाजूला 'नवी' असं लिहून दोन्हींची कारणं मांडली. अकरा आणि अकरा झाली. मी कागद टेबलावर ठेवून चहा करायला गेले, तर आजोबांनी 'नवी'च्या खाली बारावं कारण लिहून ठेवलं: 'स्प्रिंग'.

"अहो, हे कारण आधीच आहे. सातव्या क्रमांकावर 'सीट खराब' लिहिलंय मी," मी म्हणाले.

"सातवं तुझ्या भाषेत आहे. बारावं माझ्या अनुभवातून आहे," आजोबा म्हणाले.

त्यांना ती स्प्रिंग का टोचायची, ते पुढे येईल.

तुमच्या बाबाचं मत फोनवर रोज यायचं. "आई, नवी घे. मी घेऊन देतो. फक्त एक अट, तू चालवायची नाहीस. ड्रायव्हर ठेवू." त्याचं चुकत नव्हतं. बहात्तर वर्षांच्या आईची काळजी दूर बसलेल्या मुलाने करायची नाही तर कोणी? पण कागदावर लिहिलेल्या बावीस आणि एक अशा तेवीस कारणांत खरा मुद्दा नव्हताच. खरा मुद्दा हा होता की जुनी गाडी गेली तर माझ्या हातातलं स्टिअरिंग तिच्याबरोबर जाणार होतं. ते मी कागदावर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला ते कारण वाटलं नसतं, हट्ट वाटला असता.

तर अशा वेळी एका गुरुवारी मी कापूरहोळच्या मिस्त्रींना फोन केला. हमरस्त्यावरून भोरचा फाटा फुटतो तिथे त्यांचं गॅरेज आहे. एके काळी ते माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे आणि इंग्रजीत तीनदा नापास झाले. त्याबद्दल त्यांच्या मनात काही राग नाही, पण विसरही पडलेला नाही. शनिवारी गुंजवण्याला जायचं होतं आणि क्लचचं काय करावं ते मला विचारायचं होतं. पलीकडे कुठलं तरी यंत्र घरघरत होतं.

मी मोठ्याने म्हणाले, "शनिवारी गाडी काढायची आहे. काढू ना?"

"काढा मॅडम, बिनघोर काढा. लई दिस थांबला तुमी. कुठली?"

यंत्राच्या आवाजात मला 'कुठली'चं 'कुठं' ऐकू आलं. मी म्हटलं, "गुंजवण्याला. आधी तिकडेच नेणार."

"झ्याक. पयली तिकडंच न्या. मावशींना लई बरं वाटंल."

मी फोन ठेवला. आजोबांनी पेपरातून मान वर केली. "त्याला नीट कळलं ना?"

"मराठीत तर बोलले," मी म्हणाले.

आता शब्द समजून घ्या. गाडी काढणे म्हणजे ती दारातून बाहेर काढणे. मी तेच म्हणत होते. पण शोरूममधून काढतात तीही गाडी काढणेच. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की आपण म्हणतो, 'त्यांनी गाडी काढली.' मिस्त्रींनी तेच ऐकलं. मिस्त्रींची बहीण गुंजवण्यात दिलेली आहे, मावशींच्या घराला तिच्या घराची भिंत लागून आहे. त्यांनी तिला संध्याकाळी फोन करून सांगितलं, "मॅडमनी गाडी काढली. शनवारी घिऊन येनार हायेत." त्या बाईंनी ते भिंतीवरून पलीकडे सांगितलं. मग ते गावात सांगायची गरज उरली नाही.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. कापूरहोळला थांबले, पण मिस्त्री कुणाच्या बंद पडलेल्या टेम्पोकडे गेले होते. क्लच जरा जपून दाबत नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागले. मार्गासनीला डावीकडे वळलं की समोर राजगड येतो आणि मला दर वेळी गाडी थोडी हळू करावीशी वाटते. भात कापून झालं होतं. खाचरांत पेंढ्या झोडत होते. साखरच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं, 'खट्ट' असा आवाज झाला आणि सायलेन्सरचा पाइप जोडातून निसटला. पाइप कसाबसा वर लटकून राहिला, पण आवाज असा सुटला की आजोबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"ट्रॅक्टर घेतलास की काय?" ते ओरडले.

खाचरांतली माणसं झोडणी थांबवून आमच्याकडे बघत होती. बायका हात हलवत होत्या. एकीने तर हातातली पेंढी उंच धरून हलवली. मला वाटलं, आवाजामुळे हसताहेत. मीही हात हलवला.

गुंजवण्यात मावशींच्या घरापुढे वळले आणि ब्रेक दाबला. अंगणात पंधरा-वीस माणसं उभी होती. सारवलेल्या जमिनीवर भली मोठी चौकोनी रांगोळी होती, बरोबर गाडी मावेल एवढी, आणि चार चाकं येतील तिथे झेंडूची फुलं मांडली होती. मिस्त्रींच्या बहिणीच्या हातात हार होता. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, ताटात नारळ, हळदकुंकू, लिंबं आणि पेढे घेऊन पुढे उभ्या होत्या. आमची गाडी धडधडत रांगोळीच्या कडेपर्यंत आली आणि मी ती बंद केली. एकदम शांत झालं.

मावशींनी गाडीकडे पाहिलं. मग गाडीच्या मागे, रस्त्याकडे पाहिलं.

"बाई, गाडी कुठाय?"

"ही काय."

"ही न्हाई. काढलेली."

"हीच काढली मावशी. सकाळी काढली आणि आणली."

कुणीतरी खुदकन हसलं. कट्ट्यावर बसलेले एक म्हातारबा म्हणाले, "कंपनीनं आवाज मातर नवा दिलाय."

"कलर जुन्यावानीच घेतला व्हय?" दुसऱ्याने विचारलं.

"मापं काढू नका तिची," म्हातारबा म्हणाले. "माज्या सुनंला दवाखान्यात नेलीती ती हीच गाडी. नातू आता साळंत जातोय."

घोळ काय झाला ते मला तोवर कळलं होतं. पंधरा-वीस माणसांनी कामं टाकून माझ्या नव्या गाडीसाठी अंगण सारवलं होतं आणि मी त्यांच्यापुढे गंजलेला पत्रा आणून उभा केला होता. मी खाली उतरून सांगायला लागले की चूक माझी, फोनवर मी नीट बोलले नाही. आजोबा मागे उभे राहून मनापासून हसत होते. त्यांची मला काही मदत नव्हती.

मावशींनी ताट डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात वर केला. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात त्या असा हात वर करायच्या तेव्हा शंभर मुली गप्प व्हायच्या.

"रांगोळी काढली का न्हाई?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

"काढली."

"नारळ काढला का न्हाई फडताळातनं?"

"काढला."

"आन बाईंनी गाडीबी काढलीया. मंग अडलंय कुठं? घ्या म्होरं."

झालं. मी गाडी चालू केली आणि त्या गडगडाटात रांगोळीवर नेली. चाकं फुलांवर नेमकी बसली नाहीत, डावीकडचं जरा चुकलं. मिस्त्रींच्या बहिणीने हार घातला. मावशींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि नारळ माझ्या हातात दिला. "चालवनारीनं फोडायचा."

मी समोरच्या दगडावर नारळ आपटला. आयुष्यभर मी नारळ कोयत्याने फोडत आले, दगडावर आपटायची सवय नाही. नारळ फुटला खरा, पण त्याचा अर्धा भाग उसळला आणि जाऊन बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर बसला. ठण्ण असा आवाज आला. सगळ्यांनी वाकून पाहिलं. चांगला वाटीएवढा पोचा आला होता.

"परसाद घेतला हिनं," म्हातारबा म्हणाले.

चाकांखाली लिंबं ठेवली, ती चिरडून मी गाडी पुढे घेतली. पेढे वाटले गेले. आजोबांनी तीन खाल्ले. एवढं सगळं झाल्यावर आम्ही वेल्ह्याला निघालो, कारण गोळ्या आणायच्याच होत्या. नेहमीप्रमाणे आजोबा टॉवेलची घडी घेऊन मागे, स्प्रिंगवर बसले आणि मावशी पुढे माझ्या शेजारी.

आवाजात बोलणं अवघड होतं. तरी थोडं पुढे गेल्यावर मावशी माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "बाई, एक इचारू? नवी आली की डायवर येनार म्हनं."

"माझा मुलगा म्हणतो तसं."

"मंग तुमी मागं बसनार."

"बसावं लागेल. तुम्ही माझ्या शेजारी बसा की मागे."

मावशी थोडा वेळ भोकातून खालचा रस्ता बघत राहिल्या. "मागनं काय दिसतं?" त्या म्हणाल्या. "समद्या जल्मात म्या मागंच बसले. जीपात पुढं सासरा, मंग मालक, आता ल्योक. टेम्पोत तर पोत्यांवर. हिच्यातच तेवढी पुढं बसती म्या. गड पुढनं येताना दिसतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "पूजा केली ती काय उगं न्हाई केली."

मागून आजोबा ओरडले, "काय म्हणाल्या त्या?"

"तुमच्या स्प्रिंगबद्दल बोलताहेत," मी ओरडून सांगितलं.

कागदावर तेवीस कारणं होती आणि त्यात मावशींची सीट नव्हती. जाणार ते फक्त माझं स्टिअरिंग, असं मी इतके दिवस धरून चालले होते. वेल्ह्याला भजी खाताना मी आजोबांना म्हणाले, "मी ही गाडी पास करून घेणार आहे."

"मला वाटलंच," ते म्हणाले. "स्प्रिंगचं मात्र बघ."

मावशींना घरी सोडून परतताना कापूरहोळला पोचायच्या आधीच मिस्त्री आवाज ऐकून रस्त्यावर येऊन उभे होते. हार घातलेली जुनी गाडी बघून त्यांचा चेहरा असा झाला की आजोबा पुन्हा हसायला लागले.

"मॅडम, तुमीच म्हनला गाडी काढायची."

"घरातून बाहेर काढायची, असं म्हणत होते मी."

"मंग बाहीर म्हनायचं की. इंग्रजीत एक स्पेलिंग चुकलं तर मार्क कापत हुता माजं." त्यांनी हात पुसले. "आज किती कापू?"

"सगळे कापा," मी म्हणाले. "पण आधी सांगा, ही पास होईल का? खरं सांगा. दुखेल म्हणून लपवू नका."

ते गाडीखाली गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी हातातली पर्स एकदा या हातात, एकदा त्या हातात घेत उभी होते. बाहेर येऊन ते म्हणाले, "इंजिन खणखणीत हाय. तुमी कधी वढली न्हाई तिला. सडलाय तो पत्रा. पत्रा नवा जोडता येतो. क्लच, सायलेन्सर, फुडच्या चाकांचे बुश. धा दिस द्या. आन नारळ फोडल्याली गाडी म्या काय भंगारात घालू द्यायचो न्हाई. भैन घरात घ्यायची न्हाई मला."

रात्री मी तुमच्या बाबाला हार घातलेल्या गाडीचा फोटो पाठवला. त्याने लगेच 'अभिनंदन' लिहिलं. मग फोटो मोठा करून पाहिला असावा, कारण पाच मिनिटांत फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं, मावशींच्या सीटसकट. ड्रायव्हरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मग आमच्यात करार झाला. अंधार पडल्यावर मी चालवायचं नाही, घाटात जायचं नाही, दर सहा महिन्यांनी डोळे तपासायचे. आणि डॉक्टर ज्या दिवशी नको म्हणतील त्या दिवशी किल्ली आजोबांच्या हातात द्यायची. आजोबांना गाडी येत नाही, म्हणून किल्ली त्यांच्याकडे सुरक्षित. हे चारही मुद्दे मी लिहून फ्रिजवर लावले आहेत. मी ते पाळते.

पासिंगच्या दिवशी मिस्त्री स्वतः बरोबर आले. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, वाकून खालचा नवा पत्रा ठोकून पाहिला. मग बॉनेटवर बोट ठेवलं. "ठोकलीय वाटतं कुठं?"

"नारळ लागला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं. "चालवतं कोण?"

"मी."

"नारळ कोणी मारला?"

"मीच."

त्यांनी खिशातून पेन काढलं. सही केली.

मिस्त्रींना तो पोचा ठोकून सरळ करायचा होता. मी करू दिला नाही. भोक मात्र बुजवावं लागलं, त्याबद्दल मावशींनी मला अजून पुरतं माफ केलेलं नाही. स्प्रिंग बदलली, पण आजोबा टॉवेलची घडी सवयीने नेतात.

थोरले, तू इकडे आलीस की गाडी चालवशील. क्लच आता हलका आहे. मावशी पुढे बसतील. मी मागे, आजोबांच्या शेजारी बसेन. तेवढ्यापुरतं मला चालेल.

स्वस्तिकाचं कुंकू पहिल्या धुण्यातच गेलं. पोचा आहे. गाडी आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी ती काढते.